चैत्रात काय करता? : गोंदियाच्या अनोळखी धंद्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सरकारी अर्जावर ‘व्यवसाय’ नावाचा एक रकाना असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तो एकाच शब्दाने भरला जातो: मजुरी. लिहिणाऱ्याला घाई असते, सांगणाऱ्याला संकोच वाटतो, आणि रकानाही दोन बोटांएवढाच असतो. पण त्याच घरातल्या बाईला निवांत बसून ‘चैत्रात काय करता?’ असे विचारून पाहा. ती मोहाखालची जमीन झाडण्यापासून सुरुवात करील. वैशाखाचे विचारले तर तेंदूची पाने, त्यांचे पुडे आणि फळीवरचा हिशेब येईल. आषाढात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, येईल, कार्तिकात धानाची कापणी आणि सोबत पळसावर लाखेचे बीज बांधणे. एका शब्दात कोंबलेली मजुरी बघता बघता पाच-सहा धंद्यांत उलगडते. त्यातल्या प्रत्येकाला वेगळी नजर लागते, वेगळा हात लागतो, आणि प्रत्येकाची बोलीही निराळी असते.

या धंद्यांशी वाचकांची ओळख व्हावी म्हणून हे लिहीत आहे. त्यांच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. ज्यांनी या भागात पाऊल ठेवलेले नाही, त्यांनाही हा विषय परका वाटू नये असा माझा प्रयत्न आहे. तुमच्या कपाटात एखादी जुनी ग्रामोफोनची तबकडी असेल किंवा जेवणात उसना, म्हणजे उकडा, तांदूळ असेल, तर यांतल्या कुणा ना कुणाच्या हातची वस्तू तुमच्यापर्यंत आधीच पोहोचलेली असण्याचा संभव आहे.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी ईशान्य टोकाला आहे. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला राजनांदगाव. आठ तालुके. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्या, आणि त्यांच्या जोडीला माणसांनी बांधलेले असंख्य तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूला दाट जंगल, तर गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडे धानाच्या बांध्या. बोलींचे म्हणाल तर झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. ‘गोंदिया’ हे नाव गोंदावरून, म्हणजे झाडाच्या डिंकावरून पडले असे सांगतात. जंगलातली माणसे डिंक आणि लाख विकायला इथे आणीत, म्हणून गोंदिया. शहराचे नावच एका अनोळखी धंद्यावरून पडले असेल, तर शोध घेणाऱ्याला याहून चांगला शकुन कोणता!

या विषयाकडे येणाऱ्याच्या हाती आधीची काही पुस्तके असतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. मराठी खेड्यातल्या कामांचा इतका बारकाईने विचार करणारे दुसरे पुस्तक सहज सापडत नाही. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. त्यात या मुलखातल्या कोहळी, ढिवर, पोवार, परधान अशा समाजांची नोंद आहे. दोन्ही ग्रंथ जरूर वाचावेत. मात्र आत्र्यांचा गाडा देशावरच्या वाटेने जातो. बलुत्याची त्यांची चौकट इकडच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, जंगलाला आणि तलावांना पुरेशी बसत नाही. रसेल-हिरालालांच्या खंडांत जात हाच धंद्याचा पत्ता आहे: अमुक जात म्हणजे अमुक काम. तलावाकाठी वर्षभर राहून पाहिले की हा पत्ता अपुरा असल्याचे कळते. एकच ढिवर बाई उन्हाळ्यात तेंदूला जाते, पावसाळ्यात रोवण्याला, आणि मधल्या काळात मासे विकते. तेंदूच्या फळीवर गोंड, हलबा, ढिवर, महार, पोवार सगळे एकाच रांगेत पुडे मांडतात.

म्हणून वाचकांना माझे सांगणे असे की, इथला धंदा जितका माणसाचा किंवा जातीचा आहे, त्याहून अधिक महिन्याचा आहे. अभ्यासाची सुरुवात पंचांगापासून करावी. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला इथे तोकडे उत्तर मिळते. ‘चैत्रात काय करता?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर लांब आणि खरे असते.

तेंदूचेच घ्या. मराठीत ज्याला आपण टेंभुर्णी म्हणतो, तेच हे झाड. विडीचे पान त्याचेच. पान तोडण्याचा हंगाम वैशाखातल्या जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असला, तरी काम सुरू होते माघ-फाल्गुनात. तेव्हा तेंदूची झुडपे बुडाशी छाटतात. या छाटणीला खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटाला साधारण दीड महिन्याने नवी फूट येते, आणि तिचे पान रुंद, मऊ आणि लवचिक असते. न छाटलेल्या झाडाचे पान जाड आणि चिवट राहते, विडीला वळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर कोणत्या झुडपावर किती खाली घाव घालायचा हे ज्याला कळते, तो येणाऱ्या महिन्याचे पीक ठरवीत असतो. कागदोपत्री मात्र हे अकुशल काम.

देवरी तालुक्यातल्या एका गावाच्या फळीवर मी काही संध्याकाळी बसलो आहे. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी, झाडून साफ केलेली जागा. दिवसभराची पाने तिथे मोजून घेतली जातात. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा धरतात, आणि असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने, आणि त्यातले प्रत्येक पान कुणीतरी हाताने खुडलेले. पहाटे अंधारात घरातून निघायचे, ऊन चढण्याआधी पाने खुडायची, ओझे डोक्यावर घेऊन परतायचे, आणि दुपारभर ओसरीवर सगळ्या घराने पुडे बांधीत बसायचे. तिथे एका आजींचा हात मी पाहिला. त्या एक-एक पान मोजीत नव्हत्या. बोटांच्या एका हालचालीत पाच पाने उचलायच्या, आणि चौदाव्या वेळी ओठ न हलवता थांबायच्या. चौदा पंचे सत्तर. मी तीन पुडे सोडून मोजले, तिन्ही बरोबर निघाले. मोजून झाल्यावर त्यांनी तेच पुडे माझ्या हातून काढून घेतले आणि पळसाच्या मुळीच्या दोराने पुन्हा बांधून टाकले. मी बांधलेली गाठ फळीपर्यंत टिकली नसती.

आता फळीवरच्या त्या माणसाकडे पाहा, ज्याला सगळे मुन्शी म्हणतात. दरबारातला हा फारसी शब्द दरबार गेले तरी जंगलात टिकून राहिला. फळीचा मुन्शी बहुधा गावातलाच चार इयत्ता शिकलेला माणूस असतो आणि त्याची नेमणूक हंगामापुरती असते. रांगेत मांडलेल्या पुड्यांवरून तो चालत जातो, मधलाच एखादा पुडा उचलतो, अंगठ्याने दाबतो. कोवळे तांबूस पान, किडीने फोड आलेले पान, फाटके पान त्याच्या नजरेतून सुटता कामा नये. आणि दुसऱ्या बाजूला, उन्हातून आलेल्या शेजारणीचा पुडा बाजूला काढायचा म्हणजे उद्या विहिरीवर तिच्याशीच गाठ. ठेकेदाराचा माल आणि गावाचा घाम यांच्यामध्ये वही घेऊन उभा असलेला हा माणूस. एवढ्या थोड्या दिवसांत इतकी नाजूक जबाबदारी पार पाडणारी दुसरी नोकरी माझ्या पाहण्यात नाही.

मोजलेले पुडे फळीवरच वाळत घालतात. एक बाजू वाळली की उलटवायचे. याला पलटाई म्हणतात. वाळलेले पान हाताळले तर चुरा होतो, म्हणून पाणी शिंपडून ते मऊ करतात आणि मग मोठ्या पोत्यात, म्हणजे बोदात, दाबून भरतात. पाणी कमी पडले तर पान फुटते, जास्त झाले तर पोत्यात बुरशी धरते. वळवाचा एक पाऊस फळीवर आला तर सगळ्या गावाची कमाई काळी पडते. म्हणून त्या दिवसांत फळीवरची माणसे बोलता बोलता पश्चिमेकडे बघत असतात.

१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. जंगलाचे घटक पाडायचे आणि त्यांचा लिलाव करायचा, ही रीत पडली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांपैकी काहींनी पान स्वतः गोळा करून स्वतः विकण्याची हिंमत केली. देवरी आणि अर्जुनी मोरगाव भागात हे घडले आहे. त्यामुळे काही गावांत मुन्शी आता ठेकेदाराचा राहिलेला नाही, तो ग्रामसभेचा झाला आहे. वही तीच, पण मालक बदलला. हा बदल समजून घ्यायचा असेल तर निविदांच्या जाहिरातींपेक्षा फळीवरच्या गप्पा ऐकाव्यात.

पानाचा पुढचा प्रवास विडीकडे जातो. विडी प्रकृतीला घातक आहे, याबद्दल दुमत नाही, आणि हा उद्योग उतरणीला लागला आहे हेही खरे. तरीही गोंदिया-भंडाऱ्यातल्या कितीतरी बायांनी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून, कैचीने कापून, हजारी दराने विड्या वळीत घरे चालवली. त्यांची दखल घेतल्यावाचून इथल्या कामाचा इतिहास पुरा होत नाही. निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर अनिल अवचटांनी लिहिले. गोंदियाच्या विडीवाल्या बाया तशा लेखकाची अजून वाट पाहत आहेत.

आता लाखेकडे येऊ. हा धंदा मला स्वतःला सर्वांत अद्भुत वाटतो, आणि त्यावर जरा रेंगाळलो तर वाचकांनी समजून घ्यावे.

लाख म्हणजे एका इवल्या किड्याने स्वतःभोवती बांधलेले राळेचे घर. हे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून रस ओढतात. एक किलो लाखेमागे लाखो किडे लागतात, आणि ‘लाख’ हे नाव ‘लक्ष’वरूनच आले असे मानले जाते. लाख पिकवणारा शेतकरी जमिनीत काही पेरत नाही. जिवंत किड्यांनी भरलेल्या काड्या, म्हणजे बीजलाख, तो झाडाच्या फांद्यांना बांधतो. तांबडी, डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्ले काडीतून निघून फांदीवर चढतात आणि जागा धरतात. दोन-तीन आठवड्यांनी रिकाम्या झालेल्या काड्या उतरवून घ्यायच्या. त्यांना फुंकी म्हणतात. केव्हा बांधायचे, कोणत्या फांदीवर किती बांधायचे, आणि किडे बाहेर पडायला दोन दिवस राहिले आहेत की दहा, हे काडीचा रंग पाहून ओळखावे लागते.

माझा पंचांगाचा मुद्दा इथे आपोआप सिद्ध होतो. लाखेच्या चार पिकांची नावेच महिन्यांवरून पडली आहेत. पळस-बोरावरच्या रंगीनी लाखेची पिके कातकी आणि बैसाखी, तर कुसुमावरच्या कुसुमी लाखेची जेठवी आणि अगहनी. कार्तिक, वैशाख, ज्येष्ठ, मार्गशीर्ष. शेतकऱ्याच्या तोंडी पिकाचे नाव आले की महिना आपोआप कळतो.

झाडावरून उतरवलेली लाख गोंदियाच्या कारखान्यांत येते. इथला लाखेचा व्यापार जुना आहे. काडीवरून खरडायची, फोडायची, धुवायची. धुण्याच्या पाण्याला लालभडक रंग चढतो, आणि बायकांच्या पायाचा अळिता पूर्वी या रंगाचाच असे. मग ती वितळवून तिचा चपडा करायचा. आज हे काम यंत्रे करतात. पण मध्य आणि पूर्व हिंदुस्थानातल्या हातभट्ट्यांत ते कसे चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. धुतलेल्या लाखेचे दाणे सुमारे तीस फूट लांबीच्या, मनगटाएवढ्या जाडीच्या कापडी पिशवीत भरीत. पिशवीचे एक टोक निखाऱ्यांच्या भट्टीसमोर कारागिराच्या हातात, आणि दुसरे टोक लांब बसलेल्या फिरवाह्याच्या हातात. फिरवाहा पिशवीला पीळ देत राही, आणि तापलेली लाख कापडातून पाझरून बाहेर येई. कारागीर ती खरवडून गरम पाण्याने भरलेल्या गुळगुळीत नळ्यावर टाकी आणि पसरी. त्यानंतर तिसऱ्या माणसाची, म्हणजे भिलवायाची, पाळी येई. तो ती ऊन चादर नळ्यावरून उचली आणि दोन्ही हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांत कड धरून चहूकडे ताणीत जाई. हातभर लाखेची माणसाएवढी, काचेसारखी पारदर्शक चादर होई. ती मोडून जे पापुद्रे मिळत, तो चपडा.

हा चपडा लाकडाच्या पॉलिशला गेला, बांगड्यांना गेला, औषधी गोळ्यांच्या आवरणाला गेला. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गेला ग्रामोफोनच्या तबकड्यांत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जड, ठिसूळ तबकड्या लाखेच्या होत्या. प्लॅस्टिक येईपर्यंत जगातला आवाज लाखेवर कोरला जात होता. बालगंधर्वांची पदे मराठी घरांत ज्या तबकड्यांवरून वाजली, त्यांच्यामागे कुठल्यातरी पळसावर बीज बांधणारा हात होता, आणि दातांत ऊन लाख धरून ताणणारा कुणी भिलवाया होता. संगीताच्या इतिहासात या दोघांना अजून जागा मिळालेली नाही. ती मिळावी असे मला मनापासून वाटते.

पाण्याकडची कामे त्याहूनही कमी माहीत आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. जिल्हाभर पसरलेल्या अशा तलावांना आज मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ राखणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या माणसांचे काम हळूहळू कुणाचेच राहिले नाही. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांना मात्र तलाव सोडून जाणे शक्य नव्हते. माशांच्या देशी जाती कमी झाल्या, कारण त्यांच्या अन्नाच्या आणि आडोशाच्या पाणवनस्पती गेल्या, हे त्यांनी संशोधकांच्या आधी ओळखले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या अभ्यासकांच्या गटाने त्यांचे हे ज्ञान गंभीरपणे नोंदवले. त्यातून अर्जुनी मोरगावकडे एक नवेच काम जन्माला आले. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला की ढिवर बाया बेशरमाची झुडपे मुळासकट उपटतात, कोरड्या तळात नांगर घालतात, आणि पाऊस लागला की तिथे देशी पाणवनस्पती लावतात. तलावात शेती, पण पीक माशांसाठी. या कामाला अजून नाव नाही. अर्जावरच्या रकान्यात ते काय म्हणून लिहायचे?

इतर कामांना इथे नुसता स्पर्श करतो. धानाच्या गिरणीत पोत्यात परखी खुपसून मूठभर दाण्यांवरून अख्ख्या ट्रकचा भाव सांगणारा पारखी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी, ज्याचे काम २०१४ च्या न्यायालयीन बंदीने थांबले आणि काही वर्षांनी न्यायालयाच्याच निकालाने परत आले. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचे कलावंत. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने तिचे नाव नीट ऐकले. आणि किंगरीवर गोंडांच्या कुळांच्या कथा गाणारे परधान. परधानांवर शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ साली इंग्रजीत एक अख्खे पुस्तक लिहिले. ते मराठी वाचकांच्या फारसे हाती आलेले नाही, याची मला खंत आहे. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांना काही सांगावेसे वाटते. कामाचा शब्द जसा कानावर येईल तसा लिहून घ्या. खुटकटाईला ‘छाटणी’ आणि फुंकीला ‘रिकामी काडी’ असे प्रमाण मराठीत उतरवण्याची घाई करू नका, कारण अर्थ उतरतो पण वेळ आणि ऋतू मागे राहतो. झाडीबोलीच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी घातलेला पाया तुम्हाला उपयोगी पडेल. दर आणि मजुरी नेहमी विचारा, आणि ती नोंदवा. कौशल्याचे कौतुक करताना पोटाचा हिशेब विसरला, तर आपले लेखन त्या माणसांच्या उपयोगाचे राहत नाही. भिलवायाच्या दातांविषयी लिहिताना त्याचे दात किती वर्षे टिकत असतील हाही प्रश्न मनात असू द्यावा. वैशाखातल्या पहाटे तेंदूला गेलेल्या बायांची अस्वलाशी, कधी वाघाशीही गाठ पडते. तेव्हा जंगलाचे सौंदर्य हा विषय त्यांच्यापुढे काढू नये.

आणि शक्य असेल तर एखादे काम हाताने करून पाहा. माझी गाठ टिकली नाही, तुमची टिकेल. माझे मत विचाराल तर पहिल्या भेटीसाठी मोहाचा महिना निवडावा. फूल रात्री सुटते आणि उजाडायच्या सुमारास टपटप गळते, त्यामुळे गावातून पहाटे चारलाच निघावे लागते. कोणते झाड कोणी वेचायचे हे गावात ठरलेले असते, म्हणून आदल्या संध्याकाळी वेचणाऱ्या बाईंच्या घरी जाऊन विचारून ठेवा. टोपली त्या देतील. पाण्याची बाटली आणि बॅटरी तेवढी आपली असू द्या, आणि झाडाजवळ पोहोचण्याआधी दोन-तीनदा मोठ्याने खाकरा, कारण मोहाखाली तुमच्या आधी अस्वल आलेले असू शकते.